हिबची लस झालीये, तरी कानाच्या पाण्यात हिमोफिलसच कसा निघाला?

मुक्ता_प

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट विचारला तर उत्तरही अर्धवट मिळेल म्हणून सगळंच लिहिते. लेक अडीच वर्षांची. सर्दी झाली की तीन-चार दिवसांत कान धरून रडायला लागते, ताप, रात्रभर जागरण, मग औषध, मग बरं वाटतं आणि पुढच्या सर्दीला परत पहिल्यापासून. मधल्या काळात दोन्ही पडद्यांमागे पाणी साठून राहिलं, मागून हाक मारली तर वळेना, बोलायला लागलेली पोर गप्प गप्प राहायला लागली, शेवटी दोन्ही कानांत ग्रॉमेट (पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या) टाकले. तेव्हा जे घट्ट पाणी निघालं ते कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवलं होतं. रिपोर्टमध्ये उजव्या कानात हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि डाव्या कानात 'वाढ आढळली नाही'.

आता हिबच्या लसीचे सगळे डोस वेळेवर झालेत. हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बीच ना? मग हा आला कुठून? डॉक्टर म्हणाले की हा त्यातलाच वेगळा प्रकार, त्याला ही लस लागू पडत नाही, पण बाहेर पेशंट खोळंबले होते त्यामुळे पुढे काही विचारता आलं नाही. नेटवर वाचायला बसले तर सगळीकडे जंतूच्या पृष्ठभागावरचे रेणू, चिकटणारी प्रथिनं, साखरेच्या साखळ्या असलं काय काय येतंय आणि डोकं गरगरतंय.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. लस असून हा जंतू कसा. इतक्या वेळा होऊन गेल्यावर शरीर त्याला ओळखायला शिकत का नाही. आणि डाव्या कानात जंतूच नाहीत तर तिथे पाणी कशाने साठलं. बायोलॉजीशी माझा संबंध शाळेपुरताच, पण सोपं करताना महत्त्वाचं गाळू नका प्लीज, हळूहळू वाचेन.

पेट्रीडिश

मुक्ताताई, मी लॅबमध्ये याच जंतूवर काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झीचे ढोबळमानाने दोन गट. काहींच्या अंगाभोवती साखरेच्या रेणूंचं जाड आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. 1931 मध्ये मार्गारेट पिटमन या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की या आवरणाचे एकूण सहा प्रकार आहेत आणि त्यांना ए ते एफ अशी नावं दिली. त्यातला बी हा सगळ्यात घातक, मेंदूज्वर करणारा. हिबची लस ही या बी प्रकारच्या आवरणातल्या साखरेविरुद्ध बनवलेली आहे, फक्त तेवढ्याच विरुद्ध. लस घेतल्यावर शरीर त्या साखरेला चिकटणाऱ्या अँटीबॉडी बनवतं आणि त्या जोरावर मेंदूज्वर खरोखरच प्रचंड कमी झाला, म्हणजे लसीने तिचं काम चोख केलंय.

दुसऱ्या गटाला कॅप्सूलच नसते. आवरण नाही म्हणून ए ते एफपैकी कुठलाच टाइप ठरवता येत नाही, म्हणून त्याला नॉनटायपेबल म्हणतात, थोडक्यात एनटीएचआय. मुलांच्या मधल्या कानात हिमोफिलस सापडला तर तो जवळजवळ नेहमी हाच असतो. लसीने तयार झालेल्या अँटीबॉडीला याच्या अंगावर पकडायला काही सापडतच नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे.

आता आवरण नाही म्हटल्यावर खालचा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि कानाच्या बाबतीत खरा खेळ तिथेच आहे. या जंतूच्या बाहेरच्या पातळ पडद्यातून दोन तऱ्हेच्या गोष्टी वर आलेल्या असतात. एक म्हणजे प्रथिनं. त्यातली काही लांब धाग्यांसारखी, काही पडद्यातच रुतलेली, आणि बऱ्याचशांचं काम आपल्या पेशींना धरून ठेवणं. साधारण तीन-चतुर्थांश एनटीएचआयमध्ये एचएमडब्ल्यू-1 आणि 2 नावाची मोठी प्रथिनं असतात, ती नाकाच्या मागच्या भागातल्या पेशींवरच्या साखरेच्या टोकांना घट्ट पकडतात. ज्यांच्यात ही नसतात त्यातल्या बहुतेकांकडे हिया नावाचं वेगळं प्रथिन असतं. शिवाय पिली म्हणजे बारीक केसांसारखे तंतू, पी-5, हॅप, अशी यादी मोठी आहे. एक सुटलं तरी दुसऱ्याने धरलेलं असतं, हे लक्षात ठेवा कारण पुढे लसीच्या गोष्टीत ते कामाला येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे लिपोऑलिगोसॅकराइड, आम्ही एलओएस म्हणतो. एक टोक चरबीचं, ते पडद्यात रुतलेलं, आणि बाहेर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या. मला स्वतःला या जंतूतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, कारण या साखळ्यांच्या टोकाला तो चक्क माणसाच्याच गोष्टी लावतो. सियालिक अ‍ॅसिड घ्या. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ते भरपूर असतं आणि ते दिसलं की आपली संरक्षण यंत्रणा 'हे आपलंच आहे' असं धरून चालते. हा जंतू सियालिक अ‍ॅसिड स्वतः बनवू शकत नाही. तो ते आपल्याकडून उचलतो, आत नेतो, तयार करतो आणि स्वतःच्या एलओएसवर बसवतो. चिंचिला नावाच्या प्राण्यावर कानाच्या इन्फेक्शनचे बरेच प्रयोग होतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका कामात सियालिक अ‍ॅसिड बसवायची क्षमता काढून टाकलेला जंतू वापरला, तर त्याला कानात नीट तगच धरता आला नाही. एक साखर काढली आणि आजार जवळपास गेला.

दुसरं टोक फॉस्फोकोलिन. कोलिनसुद्धा आपल्याच पेशींच्या मालमसाल्यातून आलेलं. हे लावलं की जंतूला आपल्या पेशींवरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, धरता येतं आणि नाकातली जंतुनाशक पेप्टाइड्स त्याच्यावर कमी चालतात. पण याला एक तोटाही आहे. रक्ततपासणीत सीआरपी, म्हणजे सूज आली की वाढणारं प्रथिन, बघतात ना, ते सीआरपी नेमकं फॉस्फोकोलिनलाच चिकटतं आणि कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्या जंतू मारणाऱ्या प्रथिनांची, साखळी सुरू करतं. म्हणजे नाकात हे टोक असलेलं बरं, रक्तात नसलेलं बरं. यातून हा जंतू मार्ग कसा काढतो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते उद्या लिहितो, आता इनक्युबेटरकडे जायला हवं.

दोन_लेकरांचा_बाबा

छान माहिती. आमच्या धाकट्यालाही हेच चाललंय म्हणून विचारतो, न्यूमोकोकस नावाच्या दुसऱ्या जंतूचं पण असंच आहे का? आम्ही त्याची ती पीसीव्ही लस दिली तेव्हा सांगितलं होतं की कानालाही उपयोग होईल, आणि थोडे कमी झाले पण पूर्ण थांबले नाहीत.

ईएनटी_मीरा

मी ईएनटीत आहे. तुमच्या लेकीला मी तपासलेलं नाही त्यामुळे उपचाराचं काही सांगणार नाही, ते तिच्या डॉक्टरांचं काम. पण कानाच्या बाजूने चित्र पूर्ण करते आणि डाव्या कानाच्या प्रश्नाचंही बघते.

हे सगळे जंतू मुळात कानातले नाहीतच. न्यूमोकोकस, एनटीएचआय आणि मोराक्सेला कॅटारॅलिस हे तिघे नाकाच्या मागच्या भागात राहतात, बऱ्याच धडधाकट मुलांच्या नाकात आज तपासलं तरी सापडतील आणि मुलाला काहीही होत नसेल. तिथून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. लहान मुलांत ती मोठ्या माणसापेक्षा बरीच आखूड आणि जवळजवळ आडवी असते, साधारण 10 अंशांचा उतार, मोठ्यांत 45 अंशांच्या आसपास. शिवाय ती उघडणारे स्नायू अजून तितके पक्के नसतात. अस्तराच्या पेशींना बारीक केस असतात, ते सतत नाकाच्या दिशेने कचरा ढकलत असतात आणि एरवी जंतू वर चढूच शकत नाहीत.

मग सर्दीचा व्हायरस येतो. तो या केसाळ पेशींचं नुकसान करतो, नळी सुजते, कानात हवा जाईनाशी होते आणि आत दाब कमी होऊन नाकाकडचं ओढलं जातं. आणि वर पेट्रीडिश यांनी जे लिहिलंय त्याच्याशी जोडून एक गोष्ट. व्हायरसच्या सुजेमुळे आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर काही रिसेप्टर वाढतात, आणि त्यातले काही नेमके तेच, ज्यांना एनटीएचआयचं पी-5 किंवा फॉस्फोकोलिन धरतं. फ्लूच्या व्हायरसकडे तर सियालिक अ‍ॅसिड कापणारं एन्झाइम असतं, न्यूमोकोकसकडेही तसलंच असतं, ते पेशींवरची टोकं कापतात आणि खालच्या उघड्या पडलेल्या साखरा जंतूंना धरायला मिळतात. मुक्ताताई, सर्दीनंतर तीन-चार दिवसांनी कान दुखायला लागतो असं तुम्ही लिहिलंय ना, ते अगदी ठरल्याप्रमाणे आहे, तेवढा वेळ या सगळ्याला लागतो.

आता पाणी. जंतू कान 'खातो' असं लोकांना वाटतं, पण दुखणं, ताप, पू, पाणी यातलं बरंचसं आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेतून येतं. ही प्रतिक्रिया पेटते कशाने, तर पृष्ठभागाच्या याच रेणूंनी. एलओएसचं चरबीचं टोक आपल्या पेशींवरचा टीएलआर-4 हा सेन्सर ओळखतो, पी-6 नावाचं लिपोप्रोटीन टीएलआर-2 ओळखतो, आणि पेशीभित्तिकेचे तुकडे पेशीच्या आतले सेन्सर ओळखतात. ओळखलं की पेशी धोक्याचे संदेश सोडतात, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि अस्तर म्युसिन म्हणजे चिकट स्राव बनवायला लागतं. मधल्या कानाचं अस्तर एरवी पातळ असतं, वारंवार सूज आली की ते जाड होतं आणि स्राव बनवणाऱ्या पेशी वाढतात. तुम्ही बघितलेलं ते घट्ट पाणी हेच.

आणि यासाठी जंतू जिवंत असायला हवा असं नाही. मेलेल्या जंतूचं एलओएस, भित्तिकेचे तुकडे कानात पडून असतात आणि टीएलआरला जिवंत-मेलेला फरक कळत नाही. म्हणून औषधाने जंतू मेले, दुखणं गेलं, तरी पाणी आठवडेच्या आठवडे राहतं. दोन आठवड्यांनी बघितलं तर निम्म्याहून जास्त मुलांच्या कानात पाणी असतं, तीन महिन्यांपर्यंत बहुतेकांचं जातं. ज्यांचं जात नाही आणि ऐकण्यावर परिणाम होतोय त्यांचा ग्रॉमेटसाठी विचार होतो.

डाव्या कानात 'वाढ आढळली नाही' याचा अर्थ मात्र 'जंतू नाहीत' असा घेऊ नका. 1995 मध्ये अशाच साठलेल्या पाण्याचे 97 नमुने तपासले होते. कल्चर आणि पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधायची तपासणी) दोन्हींत जंतू सापडले ते 28 नमुन्यांत. आणखी 47 नमुने असे होते की कल्चर कोरं पण पीसीआरमध्ये जंतूंचा डीएनए. लोकांना वाटलं मेलेल्या जंतूंचा उरलेला डीएनए असेल. मग पुढच्या अभ्यासात जंतूंचा आरएनए शोधला, जो जंतू मेल्यावर फार काळ टिकत नाही, आणि कल्चर कोऱ्या आलेल्या बऱ्याच नमुन्यांत तोही सापडला. म्हणजे जंतू जिवंत होते, प्लेटवर उगवत नव्हते एवढंच.

कारण ते अस्तरावर थर करून बसलेले असतात, बायोफिल्म. 2006 मध्ये ग्रॉमेट टाकताना 26 मुलांच्या मधल्या कानाच्या अस्तराचे बारीक तुकडे घेऊन खास मायक्रोस्कोपखाली बघितले, 50 पैकी 46 तुकड्यांवर बायोफिल्म दिसली. या थराला जंतूंच्या पृष्ठभागावरचे एलओएस आणि पिली लागतात आणि मध्ये डीएनएचे धागे असतात, काही जंतूंचे स्वतःचे, काही मेलेल्या पांढऱ्या पेशींचे. त्या धाग्यांना जंतूंची काही प्रथिनं जिथे तिथे सांधून धरतात. आतल्या जंतूंचा वेग मंदावलेला असतो, अँटिबायोटिक त्यांच्यावर नीट चालत नाही, आणि आपण सुईने जे पाणी ओढतो त्यात ते सुटे येतच नाहीत.

मुक्ता_प

मीराताई, पेट्रीडिश, किती आभार मानू. हे वाचून एक ओझं उतरलं, कारण मी सारखी स्वतःला विचारत होते की औषधाचा एखादा डोस चुकला का, थंडीत बाहेर नेलं म्हणून झालं का.

पण शिकण्याचं अजून कळलं नाही. इतक्या वेळा सूज आली, इतक्या पांढऱ्या पेशी आल्या, मग अँटीबॉडी बनल्या असतीलच की. कांजिण्या एकदा झाल्या की सहसा परत होत नाहीत, मग हे परत परत का?

पेट्रीडिश

बनतात ना! कान बरा झालेल्या मुलांच्या रक्तात त्या जंतूला मारणाऱ्या अँटीबॉडी खरंच सापडतात, त्यातल्या बऱ्याच त्या एचएमडब्ल्यू प्रथिनांविरुद्ध किंवा पडद्यातल्या पी-2 सारख्या प्रथिनांविरुद्ध असतात. गोची अशी की त्या बहुतांशी त्याच एका स्ट्रेनवर, म्हणजे जंतूच्या त्याच वाणावर, चालतात. पी-2 चे जे वळसे जंतूच्या बाहेर डोकावतात तेच प्रत्येक स्ट्रेनमध्ये वेगळे असतात आणि अँटीबॉडी नेमकी तिथे बसते. पुढच्या सर्दीत नाकात दुसरा एनटीएचआय आलेला असतो, नाव तेच पण वळसे वेगळे. तुमच्या रिपोर्टवर परत हिमोफिलस लिहून आलं तरी तो मागचाच असेल असं नाही.

दुसरं म्हणजे तोच जंतूसुद्धा तसाच राहत नाही. इथे जरा थांबून सांगतो कारण हे फार सुंदर आहे. फॉस्फोकोलिन बसवायचं काम करणाऱ्या एका जीनचं नाव लिक-1-ए. या जीनच्या अगदी सुरुवातीला सीएएटी हा चार अक्षरांचा तुकडा एकामागे एक पुष्कळ वेळा आलेला असतो. पेशी जीन वाचते तीन-तीन अक्षरांचे गट करून. आता जंतूचं विभाजन होताना डीएनएची कॉपी करणारं यंत्र या एकसारख्या तुकड्यांवर घसरतं आणि एखादा तुकडा जास्त पडतो किंवा कमी होतो. चार अक्षरं वाढली म्हणजे तीनच्या गटांचं गणित बिघडलं. विणकाम करणाऱ्यांना पटकन कळेल, सुरुवातीला एक टाका जास्त पडला की पुढची सगळी नक्षी सरकते, तसं पुढचं सगळं वाचन निरर्थक होतं आणि प्रथिन बनत नाही, फॉस्फोकोलिन बंद. पुढच्या एखाद्या विभाजनात परत घसरलं आणि गणित जमलं तर चालू. याला फेज व्हेरिएशन म्हणतात.

आणि हे एकाच जीनमध्ये नाहीये. एलओएसच्या साखळ्यांत कुठली साखर लागणार, सियालिक अ‍ॅसिड कुठे बसणार, हे ठरवणाऱ्या बऱ्याच जीन्समध्ये असे चार अक्षरी तुकडे आहेत. एचएमडब्ल्यूच्या जीनच्या आधी सात अक्षरी तुकडे आहेत, ते वाढले की प्रथिन कमी बनतं. प्रत्येक जीन आपापलं चालू-बंद होत राहतो. 1995 मध्ये हिमोफिलसचा पूर्ण जिनोम वाचला गेला, स्वतंत्र जगणाऱ्या कुठल्याही जीवाचा तो पहिलाच, आणि तो हातात आल्यावर असे तुकडे शोधायला बसले तर एकामागून एक सापडत गेले.

म्हणजे तुमच्या लेकीच्या कानात एका जंतूपासून वाढलेले कोट्यवधी जंतू असले तरी त्यांचे पृष्ठभाग एकसारखे नसतात. काहींवर फॉस्फोकोलिन आहे, काहींवर नाही. सीआरपी किंवा अँटीबॉडीने एका प्रकारचे मारले तर दुसऱ्या प्रकारचे आधीपासूनच हजर असतात, तेच वाढतात. जंतू काही ठरवून करत नाही, कॉपी करताना घसरणं आपोआप होत राहतं आणि जे वाचतात ते पुढे जातात. शरीर शिकतं हो, पण शिकेपर्यंत समोरचा पृष्ठभाग बदललेला असतो. कांजिण्यांचा व्हायरस असा बदलत नाही, म्हणून तिथे एकदा शिकलेलं पुढे कामाला येतं.

बाबा, तुमचं राहिलंच. न्यूमोकोकसला कॅप्सूल असते आणि तिचे 100 हून जास्त प्रकार सापडलेत. कॅप्सूलमुळे पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. पीसीव्ही लसीत त्यातल्या निवडक प्रकारांच्या साखरा असतात, दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर नुसत्या साखरेला नीट दाद देत नाही म्हणून त्या एका प्रथिनाला जोडलेल्या असतात. फिनलंडमध्ये सात प्रकारांच्या लसीची मोठी चाचणी झाली, 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. लसीतल्या प्रकारांमुळे होणारे कान (म्हणजे कानाचे आजार) 57 टक्क्यांनी कमी झाले, पण लसीत नसलेल्या न्यूमोकोकसमुळे होणारे 33 टक्क्यांनी वाढले, आणि सगळे कान मिळून बघितलं तर घट फक्त 6 टक्के. जागा रिकामी झाली की दुसरा येऊन बसतो. यावरून लस कशाला असं मात्र कुणी म्हणू नका, न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांच्यासाठी ती लाखमोलाची आहे. कानाच्या बाबतीत तिचा आवाका तेवढाच, एवढंच.

अबोली

मग सगळ्या स्ट्रेनमध्ये असणारं, न बदलणारं असं काहीच नाही का त्याच्या अंगावर? त्याच्याविरुद्ध लस का नाही करत? आणि तोपर्यंत प्रत्येक वेळी तडक अँटिबायोटिक दिलं तर काय हरकत आहे, वाट कशाला बघायची? माझ्या भाचीला डॉक्टरांनी दोन दिवस थांबा सांगितलं तेव्हा घरात सगळे चिडले होते.

पेट्रीडिश

अबोली, पहिला प्रश्न तर या क्षेत्रातल्या सगळ्यांचाच आहे. असं एक प्रथिन आहे, प्रोटीन डी. जवळपास सगळ्या हिमोफिलसमध्ये असतं आणि स्ट्रेननुसार फारसं बदलत नाही. त्याचं काम काय माहितीये? आपल्या पेशींच्या चरबीतून निघालेल्या तुकड्यांतून कोलिन सोडवून घेणं, तेच कोलिन जे नंतर एलओएसवर फॉस्फोकोलिन म्हणून बसतं. ते रोखलं तर दोन्हीकडून फायदा, असा विचार.

चेक आणि स्लोवाक प्रजासत्ताकांत जवळपास 5000 बाळांवर चाचणी झाली, 2006 मध्ये निकाल आला. न्यूमोकोकसच्या 11 प्रकारांच्या साखरा प्रोटीन डीला जोडून लस केली होती. सगळे कान मिळून 33.6 टक्के घट, आणि हिमोफिलसमुळे होणाऱ्या कानांत 35.3 टक्के घट. एका प्रथिनावर एवढं मिळालं! तिच्यातूनच पुढे दहा प्रकारांची लस आली, 2009 मध्ये तिला युरोपात परवानगी मिळाली. पण नंतरच्या इतर चाचण्यांत एवढी मोठी घट दिसली नाही, आणि मी वर लिहिलं तेच कारण मला पटतं, एक प्रथिन अडवलं तरी धरायला बाकीची आहेत. म्हणून आता लोक पी-6, पिली, प्रोटीन ई असं दोन-तीन एकत्र करून बघतायत, आणि काही जण जंतूला सोडून बायोफिल्ममधल्या त्या डीएनए सांधणाऱ्या प्रथिनांनाच अँटीबॉडीने पकडायच्या मागे आहेत, थर विस्कटला की आतले जंतू परत औषधाच्या टप्प्यात येतात. मला व्यक्तिशः या दुसऱ्या वाटेकडून जास्त आशा आहे कारण ती प्रथिनं बऱ्याच वेगवेगळ्या जंतूंत सारखीच असतात.

ईएनटी_मीरा

थांबण्याबद्दल मी लिहिते, कारण यावरून रोज कुणीतरी चिडलेलं असतं आणि त्यांचं चिडणं मला समजतं, रात्रभर रडणारं मूल मांडीवर असताना 'बघू दोन दिवस' ऐकायला कुणालाच आवडणार नाही.

दोन वर्षांवरच्या मुलाला सौम्य त्रास असेल, एकच कान असेल, ताप फार नसेल, तर दुखण्याचं औषध देऊन 48 ते 72 तास लक्ष ठेवायचं आणि सुधारलं नाही तर अँटिबायोटिक सुरू करायचं, ही मान्य पद्धत आहे, कारण अशातली बरीच मुलं आपोआप बरी होतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला असं थांबवत नाहीत, कानातून पू येत असेल किंवा मूल फार आजारी असेल तरी नाही. म्हणजे सरसकट थांबा असं कुणी म्हणत नाही, मूल बघून ठरतं.

आणि अँटिबायोटिक दर वेळी दिलं की नाकातल्या जंतूंत तेच उरतात ज्यांच्यावर ते चालत नाही. मोराक्सेलाचं अजून कुणी लिहिलं नाही, तो यात महत्त्वाचा. त्याच्या पृष्ठभागावर यूएसपीए-1 आणि 2 नावाची प्रथिनं असतात, पहिलं पेशींना धरतं, दुसरं आपल्याच रक्तातली प्रथिनं स्वतःवर ओढून घेऊन कॉम्प्लिमेंटला रोखतं. त्याहून त्रासदायक म्हणजे जवळजवळ सगळे मोराक्सेला बीटा-लॅक्टमेज बनवतात, अमॉक्सिसिलिन तोडणारं एन्झाइम. ते एन्झाइम आसपास पसरतं आणि शेजारी बसलेल्या न्यूमोकोकसलाही औषधापासून वाचवतं. काही एनटीएचआयही हे एन्झाइम बनवतात. मुक्ताताई, तुमच्या रिपोर्टवर कुठेतरी बीटा-लॅक्टमेज पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असं असेल, तो रिपोर्ट फाइलला नीट लावून ठेवा, पुढे औषध निवडताना डॉक्टरांना लागतो.

मुक्ता_प

बघितलं, निगेटिव्ह लिहिलंय. शेवटचं विचारते. ग्रॉमेट तर नुसती बारीक नळी आहे, ती या रेणूंचं काहीच करत नाही. मग तिने थांबेल का हे? आणि घरी मी काय करू शकते?

ईएनटी_मीरा

रेणूंचं काही करत नाही हे अगदी बरोबर. ती कानात हवा पोचवते. हवा आली की आतला कमी दाब जातो, नाकाकडचं ओढलं जाणं कमी होतं, साठलेलं पाणी आणि त्यातले जंतूंचे तुकडे यांना बाहेर पडायला वाट मिळते, सूज उतरून अस्तर हळूहळू पूर्ववत व्हायला वेळ मिळतो. ऐकू यायला तर बहुतेकांना लगेच फरक पडतो, बोलणंही त्यामागोमाग येतं, त्याच्याकडे लक्ष ठेवा आणि श्रवण तपासणी सांगितली असेल तर चुकवू नका. ग्रॉमेट साधारण 6 ते 18 महिने राहतो आणि बहुतेक वेळा आपोआप निघून पडतो. तोपर्यंत मूल मोठं होतं, नळी लांब आणि तिरपी होते, आणि तोवर बऱ्याच स्ट्रेनशी गाठ पडून गेल्यामुळे अँटीबॉडीचा साठाही वाढलेला असतो.

मधल्या काळात एखाद्या सर्दीत कानातून पाणी किंवा पू आला तर घाबरू नका, ग्रॉमेट असताना असं होतं, बाहेर येतोय हे आत साठण्यापेक्षा बरं. दाखवून घ्या, बऱ्याचदा कानात घालायच्या अँटिबायोटिक थेंबांनीच भागतं कारण औषध नळीतून थेट आत पोचतं. मनाने जुने थेंब घालू नका, काही थेंब पडद्याला भोक असताना चालत नाहीत. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर ती पूर्ण बंद, धुराने त्या केसाळ पेशी निकामी होतात आणि नाकातले जंतू वर सरकतात. आडवं झोपवून बाटलीने दूध देत असाल तर तेही थांबवा. फ्लूची लस आणि पीसीव्हीचे राहिलेले डोस असतील तर मुलांच्या डॉक्टरांशी बोलून पूर्ण करा.

मुक्ता_प

बाटली झोपताना अजून चालू आहे, आजपासून बंद करते. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय, तेव्हा श्रवण तपासणीचं आणि फ्लूच्या लसीचं विचारते आणि इथे कळवते.